मॉप पिळायचे यंत्र : जोर पुरेसा असतो, पाण्याला वाट नसते

प्रश्न : आमच्या रुग्णालयात ४०० ग्रॅमचे केंटकी मॉप (सुताच्या दोऱ्यांचे गठ्ठ्याचे मॉप) आणि कडेचा दांडा ओढून दाबायची बादली वापरतात. सफाईवाल्या ताईंची मनगटे दुखतात, आणि एवढे करूनही मॉप ठिबकतोच. जास्त लांब दांड्याची बादली मागवावी का?
— हाउसकीपिंग पर्यवेक्षिका, नाशिक

उत्तर : लांब दांड्याने थोडा फरक पडेल, पण मूळ दोष बहुधा दुसरीकडे आहे. आधी हिशेब पाहा. दांडा सांध्यापासून ४५ सेंमी आणि दाबपट्टी ढकलणारा आखूड हात ५ सेंमी असेल, तर तरफ नऊपट झाली. हाताने १५ किलोंचा जोर लावला की पट्टीवर १३५ किलो येतात. पाचवा हिस्सा घर्षणात गेला तरी साधारण ११० उरतात. पट्टी २० बाय १० सेंमीची असेल तर दर चौरस सेंमीला अर्ध्या किलोहून थोडा जास्त दाब मिळतो. ठिबकणे थांबायला एवढा पुष्कळ आहे.

दाब असूनही पाणी आत राहते, कारण बाहेर पडायला जागा नसते. सपाट पट्टीला चार-सहा भोके पाडलेली असतात. दाब वाढला की सुताच्या दोऱ्या नेमक्या त्या भोकांवर चपट्या बसतात आणि बुचाचे काम करतात. गठ्ठ्याच्या मधल्या पाण्याला मग दाबलेल्या सुतातूनच चार-पाच सेंमी प्रवास करावा लागतो, आणि सूत जितके दाबावे तितके ते पाण्याला अडवते. त्यामुळे कर्मचारी आणखी जोर लावतो आणि हाती काहीच लागत नाही.

दोष कुठला ते ओळखणे सोपे आहे. दांडा दाबून तसाच धरा. चार-पाच सेकंद पाणी गळतच राहिले तर वाट अरुंद आहे. पाणी झटकन थांबले आणि मॉप तरीही जड लागला, तर दाब कमी आहे किंवा गठ्ठा वाकडा बसला आहे. एका बाजूला सुताचा डोंगर आणि दुसरीकडे मोकळी जागा असली की सगळा जोर त्या डोंगरावरच जातो.

वाट अरुंद असेल तर पट्टीवर उभ्या खाचा हव्यात : ५ मिमी रुंद, ४ मिमी खोल, १२ मिमी अंतरावर, आणि प्रत्येक खाचेच्या खालच्या टोकाला ८ मिमीचे भोक. खाचांमधल्या कडा गोल हव्यात. धारदार राहिल्या तर महिनाभरात दोऱ्या तुटून भोकांत अडकतात. नवी बादली घेताना पट्टीची आतली बाजू हाताने चाचपून बघा. खाचा नसतील तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

आणखी एका गोष्टीकडे फारसे कोणी बघत नाही. दांडा सोडला की दाबलेले सूत फुलते आणि खाचांत साचलेले पाणी परत पिऊन घेते. म्हणून दाबून तीन सेकंद थांबायचे, पाणी खाली उतरू द्यायचे आणि मगच सोडायचे. त्यानंतर मॉप पाव वळसा फिरवून पुन्हा एकदा दाबायचा. दोन मध्यम दाब एका जीवघेण्या दाबापेक्षा चांगले पिळतात.

मनगटे दुखतात ती मूठ बारीक आणि ओढण्याची दिशा आडवी असल्यामुळे. दांड्याचे टोक जमिनीपासून १०० सेंमीच्या आसपास असावे आणि ओढ खाली जाणारी असावी, म्हणजे मनगटाऐवजी अंगाचे वजन कामी येते. मुठीला बाहेरून ३२ ते ३५ मिमी जाडीची रबरी नळी चढवा. हे काम स्वस्तात होते आणि सर्वांत आधी करण्याजोगे आहे.

प्रश्न : पदविकेच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आम्ही पायाने चालणारी मॉप पिळणी करत आहोत. पहिल्या नमुन्यात ४० मिमीचे दोन रूळ लावले, पण मॉप त्यांत शिरतच नाही. रूळ ठेवावेत की दाबपट्टी घ्यावी?
— तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी, कराड

उत्तर : दाबपट्टी घ्या. रूळ का अडतात ते मात्र समजून घ्या, तोंडी परीक्षेत हेच विचारतील. ३० मिमी जाडीचा गठ्ठा ८ मिमीच्या फटीत जायचा तर जाडी २२ मिमीने घटायला हवी. ४० मिमी व्यासाच्या रुळावर पकडीचा कोन (रूळ गठ्ठ्याला टेकतो तिथपासून सर्वांत अरुंद फटीपर्यंतचा) ६३ अंशांच्या घरात येतो, आणि नुसत्या घर्षणाने गठ्ठा आत खेचला जायचा तर घर्षणांक जवळपास २ हवा. ओल्या सुताचा तेवढा नसतो. ८० मिमीचे रूळ घेतले तर कोन ४३-४४ अंशांवर उतरतो, म्हणजे घर्षणांक एकाच्या किंचित खाली चालेल; पण तोही ओल्या, साबणाच्या सुतापाशी मिळत नाही. शेवटी मॉप हातानेच ओढावा लागतो आणि पायाने चालवण्याचा हेतूच संपतो. स्पंजच्या सपाट मॉपला रूळ उत्तम, दोऱ्यांच्या गठ्ठ्याला नाही.

पट्टी ढकलायला साधी तरफ घेऊ नका. मॉप सुरुवातीला मऊ असतो, तेव्हा जोर कमी आणि सरक जास्त लागते. शेवटच्या सेंटिमीटरला उलट. साध्या तरफेचे प्रमाण कायम राहते, म्हणून सुरुवातीला जोर वाया जातो आणि शेवटी कमी पडतो. तुम्हाला गुडघा-सांधा हवा : दोन समान दुवे मध्ये पिनीने जोडलेले, एक टोक चौकटीला, दुसरे पट्टीला, आणि पायाचा जोर मधल्या पिनीवर. दुवे सरळ होत जातात तसा जोर वाढतो. दुव्यांचा, दोन्ही टोके जोडणाऱ्या सरळ रेषेशी, कोन ३० अंश असताना पिनीवरच्या जोराच्या ०.८७ पट जोर पट्टीवर मिळतो, १० अंशांना २.८ पट, ५ अंशांना ५.७ पट.

मापे अशी धरा. दुवे १२० मिमी. कोन ३५ वरून ८ अंशांवर आला की पट्टी ४१ मिमी सरकते आणि मधली पिन ५२ मिमी. पायपट्टीची तरफ ३:१ ठेवली तर पाय १५६ मिमी खाली जातो, हे सोयीचे आहे. पायाने २५ किलो दिले तर शेवटी २५ × ३ × ३.५६, म्हणजे सुमारे २६५ किलो. घर्षणात ३० टक्के गेले तरी १८५ किलो उरतात. २० बाय ९ सेंमीच्या पट्टीवर दर चौरस सेंमीला एक किलो दाब येतो. ४:१ ची साधी तरफ तेवढ्याच पायाच्या जोराने आणि जवळजवळ तेवढ्याच सरकेत याच्या निम्मादेखील देत नाही.

आता बिघाड कुठे होतील ते. आठ अंशांवर रबराचा अडथळा लावाच. दुवे पूर्ण सरळ झाले की जोर कागदावर अमर्याद होतो आणि प्रत्यक्षात पट्टी वाकते. सरळ रेषेपलीकडे गेले तर यंत्र दाबलेल्या अवस्थेत अडकून बसते. दुसरे, मॉप जाड निघाला तर सांधा १५ अंशांवरच थांबेल आणि जोर १.९ पटीपर्यंत घसरेल. यासाठी समोरची स्थिर पट्टी ५ मिमीच्या टप्प्यांनी पुढे-मागे करता येईल अशी बोल्टवर बसवा. याशिवाय गुडघा-सांधा एकाच जाडीच्या मॉपला चांगला आणि बाकीच्यांना वाईट ठरतो.

तिसरे म्हणजे उलटणे, आणि इथे बरेच नमुने आपटतात. पायपट्टी चाकांच्या रेषेबाहेर १२ सेंमी असेल तर २५ किलोंचा पाय ३०० किलो-सेंमीने बादली उलटवू पाहतो. चौकट आणि पाणी मिळून १८ किलो असतील आणि त्यांचा मध्य चाकांपासून २० सेंमी आत असेल, तर ३६० किलो-सेंमी त्याला आवरतात, कसेबसे जमले. पण बादली रिकामी असताना वजन चारच किलो. तेव्हा बादली तोंडावरच येणार. पायपट्टी चाकांच्या चौकोनाच्या आत घ्या आणि पायपट्टीच्या बाजूच्या दोन चाकांना ब्रेक ठेवा, नाहीतर पाय दाबताच गाडी पळते.

चौकटीला ३ मिमीची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी पुरते. ती वेल्डिंगनंतर पावडर कोटिंग करून घ्या. पिना १० मिमीच्या, स्टेनलेसच्या. बुश (पिनीभोवती बसणारी नळी) नायलॉनचे घेतलेत तर लक्षात ठेवा, नायलॉन पाण्याने फुगते. नेमके बसवलेले बुश आठवडाभरात पिनीला घट्ट धरतात. ०.३ मिमी मोकळीक ठेवा किंवा सरळ गनमेटलचे बुश वापरा. पट्टी परत आणणारी स्प्रिंग पाण्याच्या वाटेत लावू नका. ब्लीचचे पाणी स्प्रिंगवर रोज पडले तर ती गंजून मोडते, आणि ३०४ जातीचे स्टेनलेससुद्धा ब्लीचमधल्या हायपोक्लोराइटने टोचल्यासारखे खड्डे पडून खराब होते. काम संपल्यावर साध्या पाण्याने धुणे हाच त्यावर उपाय.

चाचणीचा तक्ता असा मांडा : कोरड्या मॉपचे वजन, पूर्ण भिजवून एक मिनिट टांगल्यावरचे वजन, पिळल्यावरचे वजन. पिळल्यावर उरलेल्या पाण्याला कोरड्या वजनाने भागा. ४०० ग्रॅमचा मॉप पिळून ९०० ग्रॅम भरला तर १.२५. दर वेळी तोच मॉप, तेवढाच पायाचा जोर (पायपट्टीवर वजने ठेवून, माणूस उभा करून नव्हे), आणि दाबून धरायचा तोच वेळ. किमान दहा वेळा मोजा आणि सरासरीबरोबर सर्वांत वाईट आकडाही लिहा. परीक्षकाला सरासरीत रस असतो, फरशी पुसणाऱ्याला वाईट आकड्यात.

प्रश्न : फिरकीची बादली घेतली. आधी छान फिरायची, आता दांडा दाबला तरी टोपली अर्धवट फिरते आणि हादरते.
— गृहिणी, पुणे

उत्तर : टोपली उचलून तिच्या खालच्या खुंटीभोवती बघा. बऱ्याच तक्रारी तिथे गुंडाळलेल्या केसांच्या असतात. कात्रीने कापून काढा. केस नसतील तर मॉपचा दांडा उपसा. आत मळसूत्री दांडी असते आणि तिच्यावरून सरकणारा प्लास्टिकचा नट दांड्याच्या खाली जाणाऱ्या हालचालीचे फिरण्यात रूपांतर करतो. त्या नटाचे दाते झिजले की दांडा नुसता घसरतो. नट सुटा मिळाला तर बदला, नाहीतर दांडा बदला. तेल घालून काही होत नाही.

हादरे येतात ते मॉपच्या दोऱ्या एका बाजूला गेल्यामुळे. टोपलीत ठेवण्यापूर्वी मॉप एकदा झटकून दोऱ्या सारख्या पसरा आणि दांडा उभा धरा. तिरका धरून दाबल्याने पातळ पत्र्याचा दांडा जोडाशी वाकतो.

आणि घाई नको, पण वेग हवा. ९ सेंमी त्रिज्येवर मिनिटाला ३०० फेऱ्यांनी पाण्यावर गुरुत्वाच्या नऊपट ओढ येते, ४५० फेऱ्यांनी वीसपट. वेग दीडपट केला की ओढ सव्वादोनपट होते. म्हणून दहा वेळा हळू दाबण्यापेक्षा चार वेळा जोमाने दाबावे.

प्रश्न : मॉप आवडत नाही, फडक्यानेच लादी पुसते. पिळताना कोपर दुखते. काही साधे साधन?
— वाचक, ठाणे

उत्तर : मोरीच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर स्टेनलेसचा एक मजबूत आकडा ठोकून घ्या, किमान ८ मिमी जाडीचा, विटेत नीट रोवलेला. फडके मधोमध आकड्यावर टाकायचे, दोन्ही टोके एकत्र धरायची आणि एकाच दिशेने पिळायची. नेहमीच्या पिळण्यात दोन्ही हात एकमेकांविरुद्ध फिरतात आणि कोपरावर ताण येतो. इथे आकडा एका हाताचे काम करतो. टोकांच्या मधून २० सेंमीची लाकडी काठी घालून फिरवली तर मनगटही वाचते. नळाला अडकवून पिळायची सवय असेल तर ती सोडा, प्लास्टिकच्या पाइपचा जोड त्याने निखळतो. फडके फार मोठे असेल तर निम्मे कापा. ६० बाय ६० सेंमीचे एका हाताच्या मुठीत मावते.

प्रश्न : बादलीवर पिळायची जाळी असलेला मॉप आधी कुणी काढला?
— वाचक, बेळगाव

उत्तर : 'आधी' म्हणजे कुठल्या भागासाठी, यावर ते ठरते. दांड्यावरच तरफ बसवून पिळता येणाऱ्या मॉपचे पेटंट अमेरिकेत थॉमस स्टुअर्ट यांना १८९३ मध्ये मिळाले. स्पेनमध्ये विमान-अभियंता मान्वेल हालोन कोरोमिनास यांनी १९५६ मध्ये सारागोसा इथे रूळ लावलेली बादली आणि मॉप आणला. पुढे रुळांच्या जागी प्लास्टिकचा भोकांचा शंकू आला. त्यात मॉप खुपसून दाबत फिरवायचा. दाब आणि पीळ एकदमच होतात, आणि शंकूच्या सगळ्या बाजूंनी पाण्याला वाट असते. घरगुती वापरासाठी आजही त्याहून कमी भागांत एवढे काम करणारी रचना आमच्या पाहण्यात नाही. घेताना शंकूची भोके खालपर्यंत आहेत ना आणि तो बादलीच्या काठावर घट्ट बसतो ना, एवढे बघा. हलणारा शंकू मॉपबरोबर फिरतो आणि काहीच पिळत नाही.