अपघातानंतर कॅज्युअल्टीतली सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी सीटी स्कॅन कशाला?

भाऊ घोडबंदर रोडवर बाईकवरून पडला, सोनोग्राफीत काही निघालं नाही, तरी सीटी सांगताहेत, म्हणजे बिल वाढवताहेत का, असं तुम्ही विचारलंय. मी नवी मुंबईत कॅज्युअल्टीतच ड्युटी करतो. हा प्रश्न नातेवाईक मला तोंडावर विचारतात.

खाटेशेजारी दोन-तीन मिनिटांत उरकलेली सोनोग्राफी म्हणजे पोटदुखीसाठी सेंटरवर करतो ती नव्हे. हिला आम्ही 'फास्ट' म्हणतो. नको तिथे रक्त साचलंय का, एवढंच ती बघते: यकृत आणि उजव्या किडनीच्या मधे, प्लीहेभोवती, मूत्राशयामागे आणि हृदयाभोवती. रक्त दिसलं आणि बीपी कोसळत असेल, तर सीटीत वेळ न घालवता पेशंट थेट थिएटरमध्ये.

ती 'आहे' म्हणाली की बहुतेक वेळा असतंच (जलोदराचे पेशंट सोडून, त्यांच्या पोटात आधीच पाणी असतं). तिच्या 'नाही'वर मात्र मी विसंबत नाही. छाती-पोटाला मुका मार लागलेल्यांवरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१८ साली आढावा घेतला. खरोखर दुखापत असलेल्या १०० जणांपैकी साधारण ७४ जणांचीच ती पकडते, २६ जणांची निसटते.

कारण पाव-अर्धा लिटर रक्त साचेपर्यंत बहुधा काही दिसतच नाही. आतड्याला पडलेलं भोक, किडनीमागे पाठीकडे साचलेलं रक्त, प्लीहेला गेलेली पण अजून न वाहणारी चीर, हे तिच्या आवाक्याबाहेरचं. पेशंट जाड असेल किंवा पोटात गॅस असेल तर चित्र आणखी धूसर. त्यात कुणी घाईने आधीच लघवीची नळी घातलेली असते. भरलेल्या मूत्राशयातूनच ओटीपोट नीट दिसतं, म्हणून 'आधी प्रोब (सोनोग्राफीचा पोटावर फिरवायचा भाग), मग नळी' असं ज्युनिअर्सना किती वेळा ओरडून सांगायचं!

सायकलचं हँडल पोटात घुसलेला एक मुलगा आमच्याकडे आला होता. पहिली फास्ट स्वच्छ. पोट दुखतच होतं म्हणून चाळीस मिनिटांनी पुन्हा प्रोब ठेवला, तर यकृताखाली काळी रेघ, म्हणजे साचलेलं रक्त.

प्रत्येकालाच सीटी लागतो असंही नाही. कशाचा संशय आहे, ते डॉक्टरांना सरळ विचारा. पोट दाबल्यावर दुखतंय, लघवीत रक्त आहे किंवा कमरेचं हाड मोडलंय असं उत्तर आलं, तर करून घ्या. नाहीच केला, तर ॲडमिट ठेवून पोट पुन्हापुन्हा तपासून घ्या. आणि तोवर भावाला चहा-बिस्किट देऊ नका, ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं हवं.