फायब्रोस्कॅनमध्ये (यकृत किती कडक आहे ते मोजणारी तपासणी) १२ आलं, म्हणजे वडिलांना सिरोसिस (यकृतात खूप व्रण पडून ते कडक होणं) झाला का?

चोपड्याहून जळगावला नेऊन तपासणी केलीत, १२ किलोपास्कल (कडकपणा मोजायचं एकक) आलं आणि घाबरलात. आधी सांगा, वडील उपाशीपोटी होते का? किमान ३ तास तरी पोट रिकामं लागतं. भरीत-भाकरी खाऊन गेलं की यकृताकडे रक्त जास्त जातं आणि आकडा फुगतो. कावीळ असली, एसजीपीटी (रक्ततपासणीतला यकृताच्या सुजेचा आकडा) खूप वाढलेलं असलं, तरी तेच.

या तपासणीत माझ्या आईला उजवा हात डोक्याखाली घ्यायला लावून फासळ्यांच्या मधे टिचकीसारखे दहाएक ठोके दिले, बस. यकृत जितकं कडक, तितकी ती लहर वेगाने जाते. साधारण ८ च्या आत असलं तर फार व्रण नसतात. १२ दुर्लक्ष करण्यासारखं नाहीच, पण एकट्या आकड्यावरून सिरोसिस ठरत नाही. रिपोर्टात आयक्यूआर (सगळ्या ठोक्यांच्या आकड्यांमधली तफावत) ३० टक्क्यांच्या आत आहे ना, बघा. पोटविकारतज्ज्ञांकडे जाताना जुनी सोनोग्राफी आणि प्लेटलेटचा रिपोर्टही सोबत न्या.