मितोमाच्या मागं पोरं कामून लागली?

प्रश्न : दादा, आमचं पोरगं बारावीला आहे, क्रिकेट सोडून दिवसभर मोबाईलवर कुण्या जपानी फुटबॉलवाल्या मितोमाचे रील बघतंय. मिडफिल्डर आहे म्हणं. एवढं काय आहे त्याच्यात? (एक आई, परभणी)

उत्तर : ताई, पोराची आवड वाईट नाही बरं का. काओरू मितोमा इंग्लंडात ब्रायटन क्लबकडून खेळतो, कागदावर मिडफिल्डर (मैदानाच्या मधल्या फळीतला) पण उभा असतो डावीकडं पार बाजूच्या रेषेला चिकटून. २०२२ च्या वर्ल्डकपात स्पेनविरुद्ध बॉल बाहेर चाललाच होता, सगळ्यांना वाटलं गेला, यानं पाय लांबवून आत ओढला, जोडीदार तनाकानं गोल मारला, अन् व्हीएआरनं (व्हिडिओ बघून निकाल तपासणारे पंच) तपासलं तर बॉल जमिनीवर रेषेबाहेर टेकलेला पण वरून बघितलं की त्याची गोल कड केसभर रेषेवर, म्हणजे बॉल अजून आतच! जपान २-१ नं जिंकला, त्यामुळं त्याच गटातली जर्मनी घरी गेली. वरून काढलेला तो फोटो असा फिरला की जपानात ‘मितोमाचा एक मिलिमीटर’ असं नावच पडलं.

त्यात गडी शिकलेला, त्सुकुबा विद्यापीठात ड्रिब्लिंगवर (बॉल पायाशी खेळवत समोरच्याला चकवणं) प्रबंध लिहिलाय (आपल्याकडं मास्तरांनी हाकललं असतं). अन् फेब्रुवारी २०२५ मध्ये चेल्सी क्लबविरुद्ध आपल्याच गोलकीपरचा लांबून आलेला बॉल बुटावर अलगद घेऊन मारलेला गोल म्हणजे रीलसाठीच केल्यासारखा.

पण रीलमध्ये दिसतो तेवढा तो दर मॅचला चमकत नाही. परीक्षा झाली की पोराला पूर्ण नव्वद मिनिटं बघायला लावा, तुम्हीबी बसा जरा.