तांब्याच्या नळीसारख्या केबलमध्ये अर्थिंगची तार असते कुठे?

तुम्ही विचारलंय की जुन्या घरातली तांब्याच्या नळीसारखी केबल (मिनरल इन्सुलेटेड केबल) लोखंडी बॉक्समधून काढून प्लॅस्टिकच्या बॉक्समध्ये घ्यायची आहे, पण आत दोनच तारा दिसतात; मग अर्थिंग आणायचं कुठून?

ते तुमच्या हातातच आहे. वरची तांब्याची नळी हीच अर्थिंग. तिच्यात तांबं भरपूर असतं, म्हणून वेगळी तार कुणी घातलीच नाही. जुन्या जोडणीत नळी पितळी ग्लँडमध्ये (केबल बॉक्सला घट्ट धरणारा भाग), ग्लँड लोखंडी बॉक्समध्ये आणि बॉक्स अर्थला, अशी साखळी होती. बॉक्स प्लॅस्टिकचा केलात की ती तुटते. दिवा मात्र पूर्वीसारखाच लागतो, त्यामुळे चूक महिनोन्महिने कळत नाही. नळीला नुसती तार गुंडाळून टेप मारलेलीही मी पाहिली आहे. असलं काही करू नका. केबलच्या टोकावर चढवायची पितळी वाटी म्हणजे पॉट. कारखान्यातूनच अर्थची शेपटी, म्हणजे अर्थला जोडायची तार, जोडून आलेला पॉट मिळतो, केबलच्या मापाचा तो घ्या.

खरी कसोटी मात्र टोक बंद करताना लागते. आतली पांढरी पूड म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड. सुमारे २८०० अंश सेल्सिअसपर्यंत ती वितळत नाही, पण हवेतला ओलावा मात्र लगेच ओढते. टोक बरेच दिवस उघडं असेल तर पाचेक सेंटिमीटर कापून टाका. आधी ग्लँडचे भाग केबलवर ओवून घ्या (हे विसरून सगळं पुन्हा सोलण्याची पाळी माझ्यावर एकदा आली आहे), मग नळी सोलून पॉट सरळ आटे पाडत चढवा. पॉटमधली पूड टिचकी मारून झाडा. फुंकर नको, श्वासातही पाणी असतं. कंपाउंड (ओल अडवणारा लगदा) पॉटमध्ये एकाच बाजूने दाबत भरा, म्हणजे हवा अडकत नाही. वर स्लीव्हसकट (तारांवरच्या इन्सुलेशनच्या नळ्या) टोपी बसवून क्रिंप करा, म्हणजे अवजाराने दाबून पक्की करा.

मग मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र. केबल दोन्हीकडून सुटी करून, मेन बंद असल्याची खात्री करून, ५०० व्होल्ट डीसीवर तार-तार आणि प्रत्येक तार-नळी असं तपासा. शंभर मेगओहमच्या वर आलं तर मी खूश. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. आकडा घसरला असेल तर सीलमधून ओल शिरतेय. ते टोक कापून नव्याने करा.

शेवटी त्या शेपटीपासून मेन अर्थपर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे जोड अखंड आहे का, ते बघा, घरात रोध एक ओहमच्या आत यायला हवा. आणि याच केबलवर पुढे आणखी बॉक्स असतील तर प्रत्येक ठिकाणी येणारी आणि जाणारी अशा दोन्ही शेपट्या एकत्र जोडा. एकीकडे जरी सुटली तरी पुढच्या सगळ्या पॉइंटचं अर्थिंग गेलं. मेगर हाताशी नसेल तर हे काम परवानाधारक वायरमनकडे द्या, आणि त्याने याआधी असा पॉट बसवला आहे का, ते आधी विचारा.