वाचकांचे प्रश्न : शेतकरी बाजारात तयार पदार्थ विकताना लागणारे परवाने

प्रश्न : आम्ही अनेक वर्षांपासून शेतकरी बाजारात स्वतःच्या शेतातील भाजी आणि फळे विकतो. आता उरलेल्या मालाचे जॅम आणि लोणचे करून विकावे, थंडीच्या दिवसांत गरम सूपही ठेवावे, असा घरातील सर्वांचा विचार आहे. बाजाराचे आयोजक म्हणतात की, जागेचे भाडे भरलेले असल्यामुळे वेगळा परवाना लागत नाही. हे खरे आहे का?

उत्तर : आयोजकांनी आपल्याला दिलेली परवानगी जागेची आहे, पदार्थाची नाही. बाजारात कोणी कुठे बसायचे हे आयोजक ठरवतात. परंतु आपल्या हातचा पदार्थ लोकांनी खावा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार अन्न सुरक्षा विभागाकडे असतो. तपासणी अधिकारी आल्यावर ‘आयोजकांनी सांगितले होते’ हे उत्तर उपयोगी पडत नाही, आणि नुकसान आयोजकांचे न होता आपले होते. म्हणून त्यांचे म्हणणे प्रामाणिक असले तरी त्यावर विसंबू नये.

कच्चा शेतमाल आणि तयार अन्न यांच्यात जवळजवळ सर्वच देशांचे कायदे फरक करतात. युरोपीय संघाचा २००४ चा अन्न स्वच्छतेविषयीचा नियम शेतकऱ्याने थेट ग्राहकाला थोड्या प्रमाणात विकलेल्या प्राथमिक शेतमालाला लागू होत नाही. भारताच्या २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यातील कलम १८ मध्येही शेतकरी, शेतीची कामे आणि शेतावरील पिकांचे उत्पादन यांना वगळलेले आहे. मात्र त्याच कायद्याचे कलम ३१ म्हणते की, स्वतः पदार्थ तयार करून विकणारा लहान उत्पादक, फेरीवाला किंवा तात्पुरता स्टॉल लावणारा यांना पूर्ण परवान्यातून सूट असली तरी नोंदणी केलीच पाहिजे. म्हणजे तोच शेतकरी, तोच बाजार आणि तीच जागा असूनही, मालाला सुरी आणि चूल लागली की कायद्याच्या दृष्टीने आपण अन्न उत्पादक होतो.

अर्ज हाती घेण्यापूर्वी आपण कोणता पदार्थ विकणार हे नक्की करावे, असा माझा आग्रह आहे. पुष्कळ जण आधी परवान्याची चौकशी करतात आणि पदार्थ मागाहून ठरवतात, त्यामुळे दोनदा हेलपाटे पडतात. आपण सांगितलेले तीन पदार्थ शेजारी शेजारी मांडले जातील, पण धोक्याच्या दृष्टीने त्यांच्यात मोठे अंतर आहे.

जॅम सर्वांत सोपा. फळांतील आम्ल आणि भरपूर साखर यांमुळे जीवाणूंना वापरता येईल असे पाणी त्यात फारसे उरत नाही, म्हणून अशा पदार्थांना बहुतेक ठिकाणी साध्या नोंदणीवर परवानगी मिळते. साखर कमी केलेल्या जॅमला मात्र हे गृहीत धरता येत नाही.

लोणच्याच्या बाबतीत सगळा प्रश्न सामूचा (pH) असतो, म्हणजे पदार्थ किती आम्लयुक्त आहे हे सांगणाऱ्या आकड्याचा; आकडा जितका कमी, तितके आम्ल जास्त. बॉट्युलिझम हा जीवघेणा विकार ज्या जीवाणूमुळे होतो, तो ४.६ पेक्षा कमी सामू असलेल्या पदार्थात वाढून विष तयार करू शकत नाही. म्हणून अमेरिकेसह अनेक देशांच्या नियमांत हाच आकडा सीमारेषा म्हणून आलेला आहे. या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचे कठीण कवचातील सुप्त रूप, उकळत्या पाण्यातही टिकतात, त्यांना मारण्यासाठी दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते. त्यामुळे ‘आम्ही बरण्या चांगल्या उकळून घेतो’ एवढ्यावर अधिकाऱ्याचे समाधान होत नाही, आणि ते होऊही नये. टोमॅटोचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्याला तो आंबट लागतो, पण जात आणि पिकलेपण यांनुसार त्याचा सामू ४.६ च्या अलीकडे किंवा पलीकडे असू शकतो. म्हणून टोमॅटोच्या बरणीत मोजून आम्ल घालावे लागते. सामूमापक विकत घ्यावा, प्रत्येक घाण्याची नोंद तारखेसह वहीत ठेवावी आणि ती वही अर्जासोबत दाखवावी. पाककृती प्रयोगशाळेत तपासून घेण्याची अट असेल, तर तो खर्च टाळू नये.

सूप हा तिघांतील सर्वांत जोखमीचा पदार्थ, आणि त्यासाठी बहुधा वेगळा, तात्पुरत्या अन्नविक्रीचा परवाना लागतो. तेथे पाककृतीपेक्षा तापमानाकडे जास्त लक्ष दिले जाते. अमेरिकेतील आदर्श अन्नसंहितेनुसार गरम पदार्थ ५७ अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावा लागतो. आदल्या दिवशी केलेले सूप दोन तासांत ५७ वरून २१ अंशांपर्यंत आणि एकूण सहा तासांत ५ अंशांपर्यंत थंड झाले पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी गरम वाढण्यासाठी ७४ अंशांपर्यंत तापवले पाहिजे. मोठे पातेले तसेच झाकून ठेवले तर मधले सूप तासन्‌तास कोमट राहते. ते उथळ भांड्यांत वाटून बर्फाच्या पाण्यात ठेवावे आणि मधून मधून ढवळावे. सुईचा थर्मामीटर जवळ ठेवावा; बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणात तो शून्य अंश दाखवतो का, हे बाजारात जाण्यापूर्वी पाहून घ्यावे.

पहिल्या हंगामात जॅमची नोंदणी करावी, लोणच्याचे सामू नोंदवत राहावे आणि सूप पुढच्या वर्षावर ठेवावे, असा सल्ला मी देईन. तिन्ही परवान्यांची कागदपत्रे एकदम गोळा करताना शेतीची कामे मागे पडतात.

प्रश्न : पदार्थ घरच्याच स्वयंपाकघरात केले तर चालतात का? बाहेरचे स्वयंपाकघर भाड्याने घेणे आम्हाला झेपणारे नाही.

उत्तर : याबाबतचे नियम प्रदेशागणिक बदलतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०१३ पासून घरगुती अन्नाचा कायदा लागू आहे. त्यात बाहेर ठेवूनही न बिघडणाऱ्या पदार्थांची यादी दिलेली असून, ग्राहकाला थेट विक्री करणाऱ्यास नोंदणी पुरते, तर दुकानांमार्फत विकणाऱ्याच्या स्वयंपाकघराची तपासणी होते. इतरही अनेक ठिकाणी हाच विचार दिसतो : सुके, गोड किंवा आंबट पदार्थ घरी करण्यास मुभा, आणि मांस, दूध किंवा शिजवलेल्या भाज्या असलेल्या पदार्थांना मनाई.

मुभा असली तरी घराची तयारी करावी लागते. पाणी विहिरीचे असेल तर त्याच्या तपासणीचा अहवाल मागितला जाऊ शकतो. पदार्थ करण्याच्या वेळी पाळीव प्राणी आणि लहान मुले स्वयंपाकघरात नसावीत, आणि विक्रीचा कच्चा माल घरच्या वापराच्या डब्यांत मिसळलेला नसावा. शेतातून आल्यावर चिखलाचे बूट आणि कपडे बदलल्याशिवाय स्वयंपाकघरात शिरायचे नाही, ही सवय शेतकरी कुटुंबाला मुद्दाम लावून घ्यावी लागते. शेणखत आणि मातीतील जीवाणू तयार अन्नात येण्याची ती सर्वांत सोपी वाट असते.

भाड्याच्या स्वयंपाकघराचा खर्च एकट्याला परवडत नसेल, तर बाजारातील तीन-चार शेतकऱ्यांनी मिळून दिवस वाटून घ्यावेत. मात्र स्वयंपाकघर सामायिक असले तरी नोंदणी सहसा प्रत्येकाला स्वतःच्या नावाने करावी लागते, आणि जागामालकाशी झालेला लेखी करार अर्जाला जोडावा लागतो.

प्रश्न : ग्राहकांना चव पाहण्यासाठी आम्ही खरबुजाच्या फोडी ठेवतो. त्याचे पैसे घेत नाही, तरी परवाना लागतो का?

उत्तर : लागू शकतो, कारण पैसे घेतले की नाही यापेक्षा फळ कापले की नाही हे महत्त्वाचे. अखंड खरबूज कच्चा शेतमाल आहे, पण कापलेले खरबूज, कापलेले टोमॅटो आणि चिरलेल्या पालेभाज्या यांना अमेरिकेच्या अन्नसंहितेत थंड ठेवण्याच्या पदार्थांत गणले आहे. खरबुजाच्या खरबरीत सालीवरचे जीवाणू सुरीबरोबर गरात जातात आणि उन्हात झपाट्याने वाढतात. फळ कापण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली घासून धुवावे, फोडी झाकून बर्फावर ठेवाव्यात आणि प्रत्येकाला स्वतंत्र काडीने द्याव्यात.

प्रश्न : तेलात मुरवलेला कच्चा लसूण आम्ही घरी नेहमी करतो, कोणालाही कधी त्रास झालेला नाही. अधिकाऱ्यांनी मात्र तो विकण्यास परवानगी नाकारली. हा अन्याय नाही का?

उत्तर : आपले वाईट वाटणे मी समजू शकतो, तरीही या बाबतीत मी अधिकाऱ्यांच्या बाजूचा आहे. लसूण जमिनीत वाढतो, त्यामुळे मातीतील बीजाणू त्याला चिकटून येतात. त्याला आम्ल कमी असते आणि वरचे तेल हवा बंद करते. बॉट्युलिझमच्या जीवाणूला नेमके हेच हवे असते. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना हा विकार झाला होता. वासावरून किंवा चवीवरून हे विष ओळखता येत नाही. घरी आपण थोडा करून लवकर संपवता. बाजारातून नेलेली बाटली मात्र ग्राहकाच्या घरी किती दिवस बाहेर राहील, हे आपल्या हातात नसते. तोच लसूण वाळवून विकला, तर परवानगी मिळणे पुष्कळ सोपे जाईल.

प्रश्न : तपासणीत आमचा स्टॉल केवळ हात धुण्याची सोय नसल्याने बंद करण्यात आला. हातमोजे होते, जंतुनाशक जेलही होते. आणखी काय हवे होते?

उत्तर : वाहते पाणी हवे होते. हातमोजे आणि जेल यांना हात धुण्याची जागा घेता येत नाही. मळलेल्या किंवा तेलकट हातांवर जेलचा परिणाम फार कमी होतो. वीस लिटरचा तोटीचा पाण्याचा डबा टेबलावर ठेवावा. तोटी दाबून धरावी लागणारी नसावी, एकदा उघडली की उघडी राहणारी असावी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. शेजारी द्रवरूप साबण आणि कागदी रुमाल, खाली सांडपाण्याची बादली, एवढी मांडणी पुरते. पैसे घेणारा आणि पदार्थ वाढणारा अशी दोन माणसे वेगळी ठेवता आली तर उत्तमच. अधिकाऱ्यांना फेरतपासणीसाठी पत्र देताना या मांडणीचे छायाचित्र सोबत जोडावे.