नाताळात लॅपलँडला, फिनलंडमधल्या लेवी या स्की केंद्रावर, पहिल्यांदाच स्नोबोर्डिंगला जायचंय. सामान विकत घ्यावं की भाड्याने?

भाड्याने घ्या. आता सामानाचं बाजूला ठेवा आणि आधी तारीख बदला.

तुम्ही फिनलंडमधलं लेवी लिहिलंय. तिथे डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य उगवतच नाही. दुपारी थोडा वेळ निळसर उजेड, बाकी सगळं दिव्यांवर. पारा उणे २० च्या खाली सहज जातो, आणि शिकाऊ बोर्डवाला निम्मा वेळ बर्फात बसलेलाच असतो. नॉर्दर्न लाइट्स फक्त डिसेंबरात दिसतात हे टूरवाल्यांचं पालुपद आहे. मार्चमध्येही दिसतात, वर १२ तासांचा दिवस मिळतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या शाळांना आळीपाळीने हिवाळी सुट्टी असते, ईस्टरला पुन्हा गर्दी. या दोन्ही गर्दींच्या मधला आठवडा धरा.

खरी मेख उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टची आहे, आणि ती स्कीवाले कधीच सांगत नाहीत. फिनलंड, स्वीडनसारख्या नॉर्डिक देशांत टी-बार लिफ्ट फार, म्हणजे दोरीला लटकलेला उलट्या टीच्या आकाराचा दांडा, जो तुम्हाला उभ्यानेच बर्फावरून वर ओढत नेतो. स्कीवाल्याचं तोंड चढाच्या दिशेने, दांडा पार्श्वभागामागे टेकला की झालं. बोर्डवाला आडवा, त्यात मागचा पाय मोकळा. पुढचा पाय बाइंडिंगमध्ये (बूट बोर्डला जखडणारे पट्टे) घट्ट आवळा, मागचा पाय दोन बाइंडिंगच्या मधे, मागच्या बाइंडिंगला चिकटवून ठेवा. दांडा आला की टीची एक बाजू पुढच्या मांडीमागे अडकवा. त्यावर बसायचं नाही. दोरी सुटत जाते आणि बसणारा थेट खाली आपटतो. पहिला हिसका वाकलेल्या गुडघ्यांत जिरवा, नजर वर, बोर्ड सपाट. बोर्डची कड बर्फात टेकली की तो वाट सोडून बाजूला पळतो. पडलात तर दांडा सोडून लगेच बाजूला लोळा, मागून इतर लोक येतच असतात. शिकताना टी-बारवर दोघांनी एकत्र चढू नका.

म्हणून उतारांचे किलोमीटर मोजण्याऐवजी नकाशावर लिफ्टची चिन्हं पाहा. सुरुवातीला मॅजिक कार्पेट (उभं राहून वर जायचा सरकता पट्टा) आणि प्रशिक्षक, मग गोंडोला (बंद केबिन) किंवा चेअरलिफ्ट. लेवीत गोंडोला आहे आणि कित्तिला विमानतळ साधारण १५ किमीवर. दुसरा पर्याय स्वीडनमधलं ओरे हे स्की केंद्र; तिथे स्टॉकहोमहून रात्रीची थेट रेल्वे जाते. तिथला डोंगर बराच मोठा, पण वारा सुटला की वरच्या लिफ्ट बंद. नवख्यांनी ब्यॉर्नेन भागात राहावं.

विकत घ्यायचंच तर मनगटाचे गार्ड, आत अस्तर असलेले मिटन (चार बोटं एकत्र राहणारे हातमोजे) आणि मेरिनो लोकरीचे पायमोजे घ्या. मोजा एकच घाला. दोन घातले की घडी पडते, घाम साचतो, बोटं गारठतात. भाड्याचा बूट सरळ उभं राहिल्यावर बोटांना पुढे हलका टेकला पाहिजे, गुडघे वाकवल्यावर बोटं मागे सरली पाहिजेत आणि टाच अजिबात उचलली जाता कामा नये. लेस ढिली ठेवून बूट आरामदायी वाटतो, म्हणून पूर्ण आवळूनच तपासा.

शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचा विमा काढालच, पण बऱ्याच पॉलिसी हिवाळी खेळ वगळतात. ते कलम वाचून वेगळं कव्हर घ्या.

आणि 'आधी स्की शिका, मग बोर्ड' हा सल्ला सोडून द्या. स्कीवरच्या सवयी बोर्डवर फारशा चालत नाहीत, तोल धरायची पद्धतच वेगळी. बोर्डवर पहिले दोन दिवस आपटाल, पण पुढे लवकर जमतं. फक्त दोन-तीनच दिवस हाताशी असतील, तर मात्र स्कीच घ्या.