विहिरीवर चिंधी बांधावी का?

प्रश्न : मुलगा आयर्लंडमध्ये गॉलवेला नोकरीला आहे. जुलैअखेर आम्ही दोघं पहिल्यांदाच जातोय. क्लिफ्स ऑफ मोहरच्या वाटेवर सेंट ब्रिजिडची पवित्र विहीर आहे, तिथे नेईन म्हणतो. अशा विहिरींवर लोक झाडाला चिंध्या बांधतात म्हणे. आपण हिंदूंनी गेलेलं चालतं का? काय न्यावं? पाणी घरी आणता येईल का?
— एक वाचक भगिनी, नया बाजार, लश्कर

उत्तर : जा की! कुणी धर्म विचारत नाही. मी बहिणीकडे गेले होते तेव्हा कपाळाला टिकली, अंगावर साडी आणि वर तिचा ढगळ रेनकोट अशा अवतारात तिथे उभी होते. शेजारी जपमाळ ओढणाऱ्या आजीबाईंनी जरा सरकून जागा करून दिली, बस.

फक्त डोळ्यांसमोर पायऱ्यांची बारव आणू नका. आयर्लंडमध्ये अशा तीनेक हजार विहिरी आहेत असं सांगतात, पण बहुतेक ठिकाणी जमिनीतून पाझरणारा झरा आणि भोवती चार दगड, एवढाच कारभार. लिस्कॅनर गावची ही तुमच्या वाटेवरची विहीर त्यातल्या त्यात थाटाची. बाहेर काचेच्या पेटीत ब्रिजिडचा पुतळा, मग एक अरुंद बोळ आणि त्याच्या टोकाला पाणी. त्या बोळात सावकाश जा. दोन्ही भिंती जपमाळा, येशू-मेरीच्या तसबिरी आणि गेलेल्या माणसांच्या फोटोंनी गच्च भरल्यात. ओलीने फोटोंचे कोपरे वळलेत, रंग उतरलेत. मेरीच्या एका छोट्या मूर्तीच्या हातात, इस्पितळात तान्ह्या बाळाच्या मनगटाला बांधतात तसली प्लॅस्टिकची पट्टी अडकवलेली होती. तेव्हा मोबाइल पर्समध्येच राहू द्या.

जुलैचा शेवटचा रविवार साधलात तर फारच उत्तम. त्याला गार्लंड संडे म्हणतात. पूर्वी समोरच्या अरन बेटांवरून माणसं होड्यांनी येत आणि आदल्या रात्री इथे जागरण करत. संताच्या दिवशी विहिरीवर भरणाऱ्या जत्रेला तिकडे ‘पॅटर्न’ म्हणतात. प्रार्थना पुटपुटत फेऱ्या घालायच्या, आपल्या प्रदक्षिणेच्याच दिशेने. मोजायला हातात खडे. उलट्या फेऱ्या चुकूनही घालू नका, त्या शाप देण्यासाठी असतात अशी तिकडची समजूत. इंग्रजांच्या अमलात १७०४च्या कायद्याने विहिरींवर जमणाऱ्यांना १० शिलिंग दंड, नाही भरला तर फटके, अशी शिक्षा ठेवली होती. पुढे खुद्द कॅथलिक बिशपांनाच जत्रांमधली दारू आणि मारामाऱ्या डोईजड झाल्या, त्यांनीही कितीतरी जत्रा मोडून काढल्या. लोक ऐकतात थोडेच!

आता चिंधी. आपल्याकडे दर्ग्याच्या जाळीला धागा बांधतात तो नवसाचा. तिकडची चिंधी असते दुखण्याची. ती पाण्यात भिजवून दुखऱ्या जागेला लावायची आणि विहिरीजवळच्या झाडाला बांधायची. चिंधी कुजत जाईल तसं दुखणं ओसरतं, हा त्यामागचा हिशेब. म्हणूनच कापड सुती हवं. हल्ली लोक नायलॉनच्या रिबिनी, मोजे, वाटेल ते लटकवतात. त्यातलं काहीच कुजत नाही आणि फांदीला फास बसतो तो वेगळाच. त्यांच्याच शास्त्राप्रमाणे त्या माणसांची दुखणी जन्मभर तिथेच लटकणार! तुम्ही यजमानांच्या जुन्या धोतराची बोटभर पट्टी न्या. ज्या विहिरीवर आधीपासून चिंध्या असतील तिथेच बांधा. आणि दुसऱ्याची सोडू नका. सोडणाऱ्याला ते दुखणं चिकटतं म्हणतात.

पाणी पिऊ नका. वर कुरणं आहेत, गुरं चरतात. बाटली आणायचीच तर मोठ्या बॅगेत. उकळून पिऊ म्हणाल, तर पवित्र विहिरीचं पाणी उकळतच नाही असं जुनी माणसं सांगतात.

प्रश्न : ही ब्रिजिड संत की देवी? आणि विहिरीच्या पाण्याने रोग बरे होतात, असल्या गोष्टींना तुम्ही जागा का देता?
— एक निवृत्त अभियंता, मुरार, ग्वाल्हेर

उत्तर : पहिल्याचं उत्तर : दोन्ही. इसवी सन ९००च्या सुमाराच्या ‘कॉरमॅकच्या शब्दकोशात’ ब्रिजिड ही दाग्दा या जुन्या आयरिश देवाची मुलगी, कवींची देवी आहे. तिच्या दोघी बहिणींचं नावही ब्रिजिडच. एक वैद्यकीची देवी, दुसरी लोहारकामाची. संत ब्रिजिड किल्डेअरच्या मठाची. तिचा दिवस १ फेब्रुवारी, म्हणजे वसंताची चाहूल देणारा इम्बोल्क हा जुना सण. किल्डेअरला तिची अखंड धुनी होती. बाराव्या शतकातला जेराल्ड ऑफ वेल्स लिहितो की १९ रात्री १९ जोगिणी ती राखत, विसाव्या रात्री स्वतः ब्रिजिड, आणि भोवतीच्या कुंपणाआत पुरुषाला मज्जाव. १९९३मध्ये ती ज्योत पुन्हा पेटवली. २०२३पासून ब्रिजिडच्या नावाने देशभर सुट्टी असते. विद्वानांचं भांडण चालूच आहे. मला विचाराल तर देवीच नाव न बदलता मठात राहायला गेली.

दुसऱ्याबद्दल : रोग बरे होतात असं मी कुठे म्हटलं? पण साहेब, तुमच्या पत्त्यातलं ग्वाल्हेर आलं कुठून? सूरजसेन राजाला कुष्ठरोग होता, ग्वालिपा साधूने किल्ल्यावरच्या कुंडाचं पाणी पाजलं, तो बरा झाला आणि साधूच्या नावाने गाव वसलं, अशीच आपली कथा. सूरजकुंडाच्या काठी आपण ती नातवंडांना खुशाल सांगतो. तशीच आयर्लंडमधल्या केरी परगण्यात ‘वेड्यांची दरी’ आहे. तिथल्या झऱ्याचं पाणी प्यायचं, काठचा पाला खायचा, म्हणजे डोकं ताळ्यावर येतं. औषध म्हणून नको, पण तिथे कोण कोण येऊन बसलं असेल ते कळायला ही कथा हवी.

प्रश्न : मी नववीत आहे. अशा गोष्टी कुठे वाचायला मिळतील?
— एक विद्यार्थिनी, शिंदे की छावणी

उत्तर : शाब्बास! १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या लोककथा आयोगाने तुझ्याएवढ्या, खरं तर जरा लहानच, मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी लिहून आणायला सांगितलं. सुमारे ५,००० शाळांतल्या ५०,००० मुलांनी त्या लिहिल्या, आणि ती पानं आता इंटरनेटवर फुकट आहेत. ‘स्कूल्स कलेक्शन’ असं शोध. कुणी बाईने विहिरीत कपडे धुतले म्हणून विहीर रुसून रातोरात दुसऱ्या शेतात गेली, ही गोष्ट तुला गावोगाव सापडेल. इंग्रजी पानं सहज वाचता येतात. आयरिश पानं आली की सरळ पुढची उघड.